‘फाइल उघडत नाही’ : छोट्या ऑफिसचा फाइल सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी नेटवर्क आणि स्टोरेजची पायाभूत ओळख

फोंड्यातला छापखाना, म्हापशातलं सीएचं ऑफिस, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना. अशा ठिकाणी फाइल सर्व्हर असतो, पण तो सांभाळायला वेगळा माणूस नसतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ज्याला काढता येतो, त्याच्याच गळ्यात सर्व्हर पडतो. मग संगणक विकणारा म्हणतो, ‘रेड-५ करा’, इंटरनेटवाला म्हणतो, ‘सबनेट बदला’, आणि मधे उभा असलेला हा माणूस दोघांपुढेही मान डोलावतो.

हा लेख त्या माणसासाठी आहे. शब्दांची यादी पाठ होते, पण अडचणीच्या वेळी आठवत नाही. म्हणून एक फाइल टेबलावरच्या संगणकातून निघून सर्व्हरच्या डिस्कपर्यंत ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने आपण जाऊ. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा: हे बिघडलं तर लोक कुठली तक्रार घेऊन येतील? ‘डीएनएस चालत नाही’ असं कुणी सांगत नाही. ‘काल उघडत होती, आज उघडत नाही’ एवढंच सांगतात आणि तुमच्या तोंडाकडे बघत उभे राहतात.

उदाहरणासाठी एक छापखाना धरू. बारा विंडोज संगणक, डिझाइनसाठी दोन मॅक, एक स्कॅनर-कॉपियर आणि चार डिस्कचा एक सर्व्हर. सोबत एक वही ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीत काहीतरी लिहून ठेवायचं आहे, आणि ते सर्व्हरवरच्या फाइलीत लिहून चालणार नाही, हे उघड आहे.

## पायरी १ : केबल आणि स्विच

आधी नकाशा काढा. इंटरनेट जिथून येतं तो राउटर, त्याला जोडलेला स्विच, स्विचच्या कुठल्या पोर्टमधून कुठल्या टेबलाला केबल जाते, सर्व्हर कुठल्या पोर्टवर आहे. केबलच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक चिकटवा.

स्विच ऑफिसातली यंत्रं एकमेकांना जोडतो. राउटर ऑफिसच्या नेटवर्कला बाहेरच्या जगाशी जोडतो. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यात राउटर, चार पोर्टचा स्विच आणि वाय-फाय असं सगळंच असतं, त्यामुळे गोंधळ होतो. इंटरनेट गेलं तरी सर्व्हरवरच्या फाइली उघडल्याच पाहिजेत. तसं होत नसेल, तर तुमच्या नेटवर्कची एखादी गोष्ट त्या डब्यावर अवलंबून आहे. बहुतेक वेळा ती डीएनएस किंवा डीएचसीपी असते. दोन्ही पुढच्या पायरीत येतील.

आता वेग. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. गिगाबिट स्विच म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजे १२५ मेगाबाइट. प्रत्यक्षात ११० ते ११५ मिळाले तर सगळं ठीक चाललंय असं समजा. २० गिगाबाइटचं काम गिगाबिटवर तीन मिनिटांत उतरतं. तेच १०० मेगाबिटवर जवळजवळ अर्धा तास घेतं. म्हणून ‘सर्व्हर स्लो झालाय’ ही तक्रार एकाच टेबलावरून येत असेल, तर सर्व्हरला हात लावू नका. त्या संगणकात नेटवर्क अ‍ॅडॉप्टरची स्थिती उघडून वेग बघा. तिथे १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसलं की चोर सापडला. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. १०० मेगाबिटला न लागणारी एखादी जोडी तुटली तर नेटवर्क सहसा बंद पडत नाही, गुपचूप दहापट मंद होतं. लिंक लाइट मात्र चालूच राहतो, म्हणून बघणारा फसतो.

केबल घेताना कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या. दोन्हींवर गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतो. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल घेऊ नका, शुद्ध तांब्याचीच मागा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळी दमटपणात कनेक्टर लवकर खराब होतात. शंका आली की दुरुस्तीच्या भानगडीत न पडता दोन्ही टोकांचे आरजे-४५ कनेक्टर कापून नवे बसवा. खर्च चहाच्या बिलाएवढा येतो.

वाय-फायवर सर्व्हर कधीच ठेवू नका. पणजीतल्या किंवा मडगावातल्या जुन्या घरांत ऑफिस असेल तर हे दुप्पट लागू. चिऱ्याच्या जाड भिंतीतून सिग्नल पलीकडे पोचेपर्यंत त्यातला दम गेलेला असतो. लॅपटॉपवाल्यांसाठी त्या खोलीतच केबलवर अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) बसवावा.

या पायरीवर आणखी तीन शब्द कानावर येतील. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर दोन वेगळी नेटवर्कं करणं. सीसीटीव्हीचे कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर टाकलेले बरे. लिंक अ‍ॅग्रीगेशन म्हणजे सर्व्हरला दोन केबल जोडून त्यांची एक जोडणी करणं. त्याने अनेकांना एकाच वेळी जास्त वाट मिळते, पण एका माणसाची एक कॉपी सहसा दुप्पट वेगाने होत नाही. विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत. जम्बो फ्रेम म्हणजे नेटवर्कच्या पाकिटाचा आकार नेहमीच्या १५०० बाइटवरून ९००० च्या आसपास नेणं. वाटेतलं एक जरी यंत्र त्याला तयार नसलं तर विचित्र बिघाड होतात. बारा-पंधरा संगणकांच्या ऑफिसात त्याच्या वाटेला जाऊ नये.

## पायरी २ : पत्ते

प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. खासगी नेटवर्कसाठी तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचा आणि १९२.१६८ ने सुरू होणारा. सबनेट मास्क सांगतो की पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा आणि कुठला यंत्राचा. २५५.२५५.२५५.० असा मास्क म्हणजे पहिले तीन आकडे नेटवर्कचे, शेवटचा यंत्राचा. अशा नेटवर्कात २५४ यंत्रं बसतात, छापखान्याला ती पुरून उरतात.

गेटवे म्हणजे बाहेर जाण्यासाठी ज्या पत्त्याकडे बघायचं तो, साधारणपणे राउटर. डीएनएस नावावरून पत्ता शोधून देतो. डीएचसीपी नव्या यंत्राला आपोआप पत्ता देतो. मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाची ४८ बिटांची ओळख. अ‍ॅपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही.

वहीत असा आराखडा करा. नेटवर्क १९२.१६८.१०.०. राउटर .१ वर, सर्व्हर .१० वर, प्रिंटर आणि कॉपियर .२० ते .२९, आणि डीएचसीपीने वाटायचे पत्ते .१०० ते .१९९. तिसरा आकडा ० किंवा १ का नको? कारण घरोघरचे राउटर तेच आकडे घेऊन येतात. उद्या मालकाने घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) लावलं आणि दोन्हीकडे १९२.१६८.१ निघालं, तर त्यांच्या लॅपटॉपला कळणार नाही की सर्व्हर घरातला शोधायचा की ऑफिसातला.

सर्व्हरचा पत्ता बदलता कामा नये. तो सर्व्हरवर हाताने पक्का करा, किंवा राउटरच्या डीएचसीपीमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासाठी राखून ठेवा. मला दुसरी रीत आवडते, कारण सगळे पत्ते एका ठिकाणी दिसतात. हाताने पक्का केलेला पत्ता डीएचसीपीच्या वाटपात येत असेल तर एक दिवस तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला मिळेल, आणि सर्व्हर कधी दिसेल, कधी नाहीसा होईल. हा बिघाड शोधायला फार त्रासदायक, कारण तो मोबाइलवाला जेवायला गेला की सगळं सुरळीत होतं!

तक्रार आली की या क्रमाने तपासा:

१. त्या संगणकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा चालवा, ती त्याचा पत्ता दाखवते. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नाही. केबल, स्विच, राउटर बघा. सर्व्हरचा काही दोष नाही.
२. पत्ता बरोबर असेल तर सर्व्हरच्या आकडी पत्त्याला पिंग (ping) करा, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारा. फायरवॉल (नको त्या मागण्या अडवणारा पहारा) पिंग अडवू शकते, म्हणून ऑफिसातला दुसरा संगणकही करून बघा. त्याला उत्तर आलं आणि याला नाही, तर दोष याच्या वाटेवर आहे.
३. आकडी पत्त्याने चालतं, पण नावाने नाही, तर नावाचा शोध बिघडलाय. फाइल एक्सप्लोररमध्ये \\१९२.१६८.१०.१० असं लिहून शेअर (सर्व्हरवरचा सामायिक फोल्डर) उघडतो का ते बघा. उघडला तर लोकांचं काम सुरू होईल आणि तुम्हाला डीएनएस शांतपणे बघता येईल.

## पायरी ३ : फाइल मागायची भाषा

आता संगणक सर्व्हरपर्यंत पोचला. पुढे तो फाइल कुठल्या भाषेत मागतो, त्याला प्रोटोकॉल म्हणतात. विंडोजची भाषा एसएमबी. तिची सुरुवात १९८३ मध्ये आयबीएममध्ये झाली. युनिक्स-लिनक्सकडची एनएफएस, सन मायक्रोसिस्टिम्सची, १९८४ ची. लिनक्सवर चालणारा सर्व्हर विंडोजशी एसएमबीत बोलतो तो सांबा नावाच्या सॉफ्टवेअरमुळे. बाजारातल्या बहुतेक नॅस डब्यांच्या, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या तयार सर्व्हरांच्या, पोटात तेच असतं. मॅकसाठी पूर्वी एएफपी वापरत. आता अ‍ॅपलही एसएमबीच वापरतं, त्यामुळे आपल्या छापखान्यात सगळ्यांना एसएमबी द्यावं आणि बाकीच्या सेवा बंद कराव्यात.

एका यंत्रावर अनेक सेवा चालतात. आलेली मागणी कुठल्या सेवेची, हे पोर्ट क्रमांकावरून ठरतं. एसएमबीचा ४४५, एनएफएसचा २०४९, आयस्कझीचा (ते काय, ते थोडं पुढे येईल) ३२६०. सर्व्हर पिंगला उत्तर देतो, पण शेअर उघडत नाही, तर ४४५ अडवला गेलाय किंवा सेवाच बंद पडलीय. नवं अँटिव्हायरस टाकल्यानंतर ही तक्रार हमखास येते.

दोन गोष्टींत तडजोड नको. पहिली, ४४५ पोर्ट राउटरवरून इंटरनेटला कधीही उघडू नका. बाहेरून फाइली हव्या असतील तर व्हीपीएन. दुसरी, एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं ते याच आवृत्तीतल्या दोषातून. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी टाकली नव्हती त्यांची यंत्रं त्याच्या तावडीत सापडली. इथं एक अडचण नक्की येईल. जुन्या कॉपियरला ‘स्कॅन टू फोल्डर’साठी पहिलीच आवृत्ती लागते. त्याच्यासाठी सगळा सर्व्हर उघडा टाकू नका. कॉपियरला ईमेलवर स्कॅन पाठवायला लावा, किंवा फक्त त्याच्या पत्त्याला चालेल असं एफटीपी (फाइली पाठवायची जुनी, साधी भाषा) द्या.

याच पायरीवर नॅस, डॅस आणि सॅन यांचा घोळ मिटवून टाकू. डॅस म्हणजे एकाच संगणकाला थेट जोडलेली डिस्क. नॅस नेटवर्कवरून फाइली देतो; फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची व्यवस्था) त्याच्याकडे असते, म्हणून दहा जण एकाच फोल्डरात काम करू शकतात. सॅन नेटवर्कवरून कोरी डिस्क देतो. तिच्यावर फाइल सिस्टिम घेणाऱ्याने करायची. आयस्कझी हा त्यातलाच, साध्या केबलवर चालणारा प्रकार. नॅसच्या मेनूत आयस्कझी दिसलं म्हणून एकच कोरी डिस्क दोन विंडोज संगणकांना जोडू नका. दोघंही ती आपलीच समजून लिहितील आणि आतला डेटा नासेल. ऑफिसच्या सामायिक फोल्डरांसाठी आपल्याला नॅसच हवा.

‘फाइल फक्त वाचता येते, सेव्ह होत नाही’ ही तक्रार परवानगीची वाटते, पण बरेचदा ती लॉकची असते. एकाने एक्सेलची फाइल उघडली की दुसऱ्याला ती फक्त वाचायला मिळते. विंडोज सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली उघड्या फाइलींची यादी असते, कुणाच्या नावावर आहे ते बघा आणि आधी त्या माणसाला हाक मारा. लॉक जबरदस्तीने तोडला तर त्याचं न जतन केलेलं काम जाईल आणि तुमच्या नावाने शिमगा होईल.

## पायरी ४ : परवानग्या

विंडोज सर्व्हरवर परवानग्या दोन पातळ्यांवर असतात: शेअरवरच्या आणि फाइल सिस्टिमवरच्या, म्हणजे एनटीएफएसच्या. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींमधून जावं लागतं, आणि जी जास्त कडक ती लागू होते. देवळाचं महाद्वार सताड उघडं असलं तरी गर्भकुडीचं दार बंद असेल तर आत जाता येत नाही, तसंच. म्हणून शेअरवर लॉगिन केलेल्या सगळ्यांना बदल करण्याची परवानगी द्या आणि खरा बंदोबस्त एनटीएफएसवर करा. दोन्हीकडे कडक नियम लावले की सहा महिन्यांनी कुठला नियम कुणाला अडवतोय ते तुम्हालाच कळत नाही.

परवानग्या माणसांना देऊ नका, गटांना द्या. ‘डिझाइन’, ‘लेखा’, ‘छपाई’ असे गट करा आणि माणसं गटात टाका. नवा मुलगा कामाला लागला की त्याला गटात टाकलं, काम झालं. गट बदलल्यावर त्याला लॉग-ऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. तोवर विंडोज जुनाच गट धरून बसतं. ‘नकार’ हा पर्याय शक्यतो वापरूच नका. ज्याला परवानगी नाही त्याला तसंही आत जाता येत नाही, आणि स्पष्ट नकार सहसा बाकीच्या परवानग्यांवर मात करतो.

एका संगणकावरून एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. सकाळी कुणी ‘डिझाइन’च्या नावाने ड्राइव्ह जोडून ठेवला असेल आणि दुपारी त्याच लॉगिनमधून ‘लेखा’च्या नावाने जोडायला गेलं, तर विंडोज नाकारतं, पासवर्ड बरोबर असला तरीही. आधीची जोडणी काढा. आणि डोमेन (सगळ्यांची लॉगिनं एकाच ठिकाणी सांभाळायची विंडोजची व्यवस्था) असेल तर घड्याळं तपासा. संगणकाचं आणि सर्व्हरचं घड्याळ पाच मिनिटांहून जास्त मागेपुढे असेल तर लॉगिन नाकारलं जाऊ शकतं.

## पायरी ५ : डिस्क

४ टेराबाइटची डिस्क लावली आणि विंडोजमध्ये ३.६३ दिसलं तर दुकानदाराने फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत.

वेगाचे शब्द तीन. थ्रूपुट म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किती मेगाबाइट. फिरत्या डिस्कला साधारण १५० ते २५०, म्हणजे एकटी डिस्कही गिगाबिट केबलपेक्षा वेगवान. आयओपीएस म्हणजे सेकंदाला किती छोटी कामं. ७२०० आरपीएमच्या फिरत्या डिस्कला ती शंभराच्या आतबाहेर जमतात, एसएसडीला (न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) हजारोंनी. लेटन्सी म्हणजे एका कामाचं उत्तर यायला लागणारा वेळ. मोठी डिझाइनची फाइल कॉपी होताना थ्रूपुट लागतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर एकाच वेळी आठ जण वापरतात तेव्हा आयओपीएस लागतात. ‘मोठ्या फाइली झटपट जातात, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर रांगतंय’ अशी तक्रार असेल तर केबल बदलून उपयोग नाही, त्या फोल्डरासाठी एसएसडी घ्या.

डिस्क घेताना सीएमआर की एसएमआर हे विचारा. सीएमआरमध्ये लिहिण्याचे पट्टे सुटे, शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये डिस्कवरचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, म्हणून जागा स्वस्त पडते, पण भरपूर लिहायची वेळ आली की ती डिस्क धापा टाकते. रेडमधली (अनेक डिस्कची एकत्र जोडणी, पुढच्या पायरीत येईल) डिस्क बदलताना नेमकी तीच वेळ येते. सर्व्हरला सीएमआरच घ्या.

स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद. त्यात डझनभर आकडे असतात, सगळे बघायची गरज नाही. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे न वाचता आलेले. हे शून्य असावेत. महिन्यागणिक वाढत असतील तर डिस्क बंद पडायची वाट न बघता नवी मागवा. क्रमांक १९९ वाढत असेल तर आधी डिस्कला जोडणारी सॅटा केबल बदला, डिस्क बहुधा निर्दोष आहे.

## पायरी ६ : रेड

१९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी मांडलेली ही कल्पना: स्वस्त डिस्क अनेक जोडा आणि त्यातली एखादी गेली तरी काम चालू ठेवा. आपल्या चार ४ टेराबाइटच्या डिस्क धरून बघू.

रेड-० मध्ये पूर्ण १६ टेराबाइट मिळतात, पण एक डिस्क गेली की सगळं गेलं. फाइल सर्व्हरवर त्याला जागा नाही. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर, जागा ४ टेराबाइट. रेड-५ मध्ये १२ टेराबाइट, एक डिस्क गेली तरी चालतं. रेड-६ मध्ये ८ टेराबाइट, कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं. रेड-१० मध्येही ८ टेराबाइट. दोन गेल्या तर त्या एकाच जोडीतल्या नसाव्यात, पण छोट्या कामांचा वेग जास्त. पाच आणि सहामध्ये जी जास्तीची माहिती लिहिली जाते तिला पॅरिटी म्हणतात. गेलेल्या डिस्कचा मजकूर उरलेल्यांवरून मोजून काढता येतो तो तिच्यामुळे.

बारा टेराबाइटचा मोह होतोच. तरी मोठ्या डिस्कवर मी रेड-५ सुचवणार नाही. नवी डिस्क घातल्यावर रेड पुन्हा उभा राहायला, म्हणजे रिबिल्डला, कित्येक तास लागतात. त्या वेळात उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कानाकोपरा वाचला जातो. सगळ्या एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या. त्यातली दुसरी तेव्हाच दगा देते. चार डिस्क असतील तर रेड-६ किंवा रेड-१० घ्या आणि एक कोरी डिस्क कपाटात ठेवा, कारण चवथीच्या सुट्टीत डिस्क गेली तर दुकान उघडं सापडणार नाही. कुठल्या खणात कुठल्या क्रमांकाची डिस्क आहे ते वहीत लिहा. गेलेल्या डिस्कऐवजी चांगली डिस्क ओढून काढण्याचा धोका त्यामुळे टळतो.

रेड हा बॅकअप नाही. कुणी फोल्डर पुसला तर तो सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी पुसला जातो.

## पायरी ७ : फाइल सिस्टिम, आणि मराठी नावांची गोष्ट

रेडवर व्हॉल्यूम (त्या जागेतून आखलेला एक भाग), व्हॉल्यूमवर फाइल सिस्टिम, तिच्यावर फोल्डर आणि शेअर, अशी उतरंड असते. विंडोजवर एनटीएफएस, लिनक्सवर एक्स्ट-४ किंवा एक्सएफएस, नॅस डब्यांत एक्स्ट-४, बीटीआरएफएस किंवा झेडएफएस. शेवटच्या दोघांत स्नॅपशॉट आणि स्क्रब मिळतात. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी फोल्डर जसा होता तसा गोठवून ठेवणं. पुढे बदललेल्या भागापुरतीच जागा खर्च होते. रोज दर दोन तासांनी एक लावा. ‘चुकून डिलीट झालं’ या तक्रारीचा निकाल पाच मिनिटांत लागतो. स्क्रब म्हणजे सगळा डेटा वाचून तो बिघडलेला नाही ना हे ताडणं. महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री. प्रत्येक गटाला जागेची मर्यादा, म्हणजे कोटाही लावा. नाहीतर एकाच्या व्हिडिओंनी व्हॉल्यूम भरतो आणि सगळ्यांचं सेव्ह होणं थांबतं.

आता आपल्या लोकांचा खास बिघाड. विंडोजवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ अक्षरं. एक्स्ट-४ मध्ये २५५ बाइट. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. म्हणजे नावात जेमतेम ८५ चिन्हं, आणि त्यात मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. एकट्या ‘श्री’चे १२ बाइट होतात. छापखान्यात ‘श्री सातेरी देवस्थान जत्रोत्सव निमंत्रण पत्रिका अंतिम दुरुस्त अंतिम’ अशा थाटाची नावं रोजची. ती आणखी थोडी लांबली तरी विंडोजवर सुखाने राहतात, पण अशा सर्व्हरवर कॉपी करताना नाकारली जातात. काही नॅसमध्ये एन्क्रिप्ट केलेल्या (पासवर्डाशिवाय वाचता न येणाऱ्या) फोल्डरात ही मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे सत्तेचाळीस चिन्हं. उपाय एकच: नाव आखूड, तारीख आकड्यांत, बाकीचा तपशील फोल्डरच्या नावात. फोल्डरात फोल्डर किती खोल न्यायचे यालाही हात आवरता घ्या. विंडोजच्या अनेक प्रोग्रॅमना २६० अक्षरांपलीकडचा पूर्ण मार्ग झेपत नाही.

मॅकवाल्यांना सांगा की नावात प्रश्नचिन्ह, विसर्गचिन्हासारखा कोलन आणि तिरकी रेघ नको. विंडोजला ती चालत नाहीत. आणि जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसली तर ‘सर्व्हरने फाइल बिघडवली’ असा आरोप येईल. त्या संगणकावर तो फॉन्ट टाका. सर्व्हर अक्षरांकडे बघतही नाही, बाइट जसेच्या तसे ठेवतो.

## पायरी ८ : वीज

मेच्या अखेरीस विजा सुरू होतात आणि मग चतुर्थीपर्यंत दिव्यांचा भरवसा नसतो. लिहिता लिहिता वीज गेली तर रेड आणि फाइल सिस्टिम दोन्ही अर्धवट राहू शकतात. म्हणून यूपीएस हवाच. त्यावरचा व्हीए आकडा म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास भार घेतो. सर्व्हरसोबत स्विचही त्याच्यावर ठेवा. आणि यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा. ती बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून असते. तीच सर्व्हरला सांगते की बॅटरी संपत आलीय, नीट बंद हो. ती नसेल तर यूपीएस म्हणजे वीज दहा मिनिटं उशिरा जाणं, इतकंच.

बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांनी बदला. अर्थिंग पावसाळ्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. उन्हाळ्यात माती सुकली की त्याचा रोध वाढतो. दोन इमारतींमध्ये तांब्याची नेटवर्क केबल ओढलेली असेल तर ती काढून ऑप्टिकल फायबर टाका. वीज कोसळली की तांब्यातून धक्का थेट स्विचपर्यंत येतो, काचेतून येत नाही.

## पायरी ९ : बॅकअप आणि त्याची परीक्षा

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत वास्तूबाहेर. पूर्ण बॅकअप म्हणजे सगळं. इन्क्रिमेंटल म्हणजे मागच्या बॅकअपनंतर बदललेलं. डिफरन्शिअल म्हणजे मागच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेलं. इन्क्रिमेंटलला जागा कमी लागते, पण परत आणताना साखळीतली एक कडी हरवली की पुढचं सगळं अडतं. छापखान्यासाठी आठवड्याला पूर्ण, रोज रात्री इन्क्रिमेंटल आणि दोन बाहेरच्या डिस्क आलटूनपालटून पुरतात. एक डिस्क नेहमी सर्व्हरपासून सुटी, मालकाच्या घरी. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर सॉफ्टवेअर सर्व्हरसोबतच कुलूपबंद करू शकतं.

दोन प्रश्न मालकाला विचारा, कारण उत्तरं तांत्रिक नाहीत. किती तासांचं काम बुडालं तर चालेल? हा आरपीओ. आणि किती तासांत काम पुन्हा सुरू झालं पाहिजे? हा आरटीओ. ‘अजिबात बुडता कामा नये, लगेच सुरू झालं पाहिजे’ असंच उत्तर येईल. तेव्हा गणित समोर ठेवा. ४ टेराबाइट गिगाबिट केबलवरून परत आणायला साधारण दहा तास लागतात. तेवढाच डेटा ५० मेगाबिटच्या इंटरनेटवरून क्लाउडमधून उतरवायचा तर सात दिवसांहून जास्त.

परीक्षा अशी घ्या. पावसाळ्याआधी एक रविवार ठरवा. बॅकअपच्या डिस्कवरून एखाद्या जुन्या कामाचा अख्खा फोल्डर वेगळ्याच संगणकावर परत आणा. फाइली नुसत्या दिसून चालत नाही, त्या उघडा; डिझाइनची फाइल डिझाइनवाल्याकडून, हिशेबाची लेखावाल्याकडून. परवानग्या परत आल्या का तेही बघा, कारण साध्या कॉपीत त्या येत नाहीत. बॅकअप एन्क्रिप्ट केलेला असेल तर त्याचा पासवर्ड सर्व्हरबाहेर कुठे लिहिला आहे हे त्याच दिवशी कळेल. किती गिगाबाइटला किती वेळ लागला ते वहीत तारखेसह लिहा आणि तेच पान मालकाला दाखवा. पुढच्या वर्षी एसएसडी किंवा वेगवान स्विच मागायचा असेल, तर त्या आकड्यांपेक्षा चांगलं कोटेशन दुसरं नाही.